मिनिटाला सहासष्ट पावलं

मालनबाई आवटी दोन वर्षांनी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर पडल्या, तेव्हा समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि पिठानं माखलेल्या हातांनीच तो दारात येऊन उभा राहिला. शेजारच्या दोघीतिघी गच्चीवरून वाकून बघत होत्या. मालनबाईंच्या सलवारीवरून कंबरेला, गुडघ्यांना आणि घोट्यांना राखाडी पट्टे बांधलेले होते. पाऊल पडलं की त्यांतून दुरून मधमाशी जावी तशी बारीक गुणगुण ऐकू यायची. कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडापर्यंत त्या गेल्या, झाडाला हात लावला आणि वळून म्हणाल्या, "ऋजुता, अजून पुढं जाऊ का गं?"

"जा की आत्या. आता कुठंही जा," टॅब्लेट घेऊन मागून येणारी त्यांची सून म्हणाली. सासूला आत्या म्हणायची सांगलीकडची रीत. गच्चीवरच्या बायका हसल्या, गिरणीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्या गल्लीच्या देखत बोललेलं हे वाक्य पुढं ऋजुताला फार जड गेलं.

ऋजुता कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत इंजिनिअर होती. कंपनीनं बनवलेल्या या यंत्राचं नाव 'सहचाल'. त्यात लिंबाएवढ्या सहा मोटारी होत्या, प्रत्येक पायाच्या खुब्यापाशी, गुडघ्यापाशी आणि घोट्यापाशी एकेक. मोटार फिरवणं कुणालाही जमतं, ती नेमक्या वेगानं फिरवणं अवघड. कंबरेच्या पट्ट्यात नखाएवढा मायक्रोकंट्रोलर होता. तो मोटारींना सलग वीज देत नसे, सेकंदाला हजारो वेळा ती चालू-बंद करत असे. चालूचा काळ वाढवला की मोटार जोरात फिरे, कमी केला की हळू. मोटार खरोखर किती फिरली हे तिच्या आसावरचा सेन्सर परत कळवी, आणि एखादी मागं पडते आहे असं दिसलं की तिच्यापुरता चालूचा काळ वाढे. सहाही मोटारी एका तालात राहायला हव्यात. सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं जरी गुडघा घोट्याच्या पुढं गेला, तरी माणूस अडखळतो. तो ताल बसवणं हे ऋजुताचं काम. त्यावर तिनं आयुष्यातली चार वर्षं घातली होती.

पण खरी गोष्ट त्यापुढची होती. चालण्याचा ठेका मेंदू दर पावलाला नव्यानं ठरवत नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचं एक जाळं तो ठेका धरून ठेवतं. सहचालचे पट्टे कपड्यांवरूनच स्नायूंचा इरादा ओळखत आणि मोटारी त्यात आपली भर घालत. सहा-आठ आठवडे असं झालं, की कण्यातलं ते जाळं मोटारींचा ठेका स्वतःचाच समजू लागे. मोटारी किंचित पुढं, पाय त्यांच्या मागं, असं करत करत थकलेले पाय पुन्हा चालायला शिकत. जिल्ह्यातल्या त्रेचाळीस माणसांवर चाचणी चालू होती. प्रत्येकासाठी एक आकडा ठरलेला असे, मिनिटाला जास्तीत जास्त किती पावलं. पाय त्यापुढं जाऊ लागले तर मोटारी त्यांना हलकेच मागं धरत.

मालनबाई चाचणीतल्या सतराव्या. घरचं माणूस घ्यायचं नाही असा नियम होता, पण ऋजुतानं तिच्या वरिष्ठांच्या, हसबनीस सरांच्या, मागं लागून परवानगी काढली होती. मणक्यात नस दाबली गेल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असलेली सासू तिला बघवत नव्हती, हेही खरंच. जानेवारीत चाळीस पावलांपासून सुरुवात झाली. जूनअखेर मालनबाई अठ्ठ्याण्णववर पोचल्या होत्या.

आणि मग त्या घरात सापडेनाशा झाल्या.

घरापासून सव्वा किलोमीटरवर महानगरपालिकेच्या शाळेचं मैदान होतं. तिथं रोज चार ते सहा मुलींचा खो-खोचा सराव चाले. खेळाच्या बाईंकडे तीन शाळा होत्या, त्यामुळं आठवड्यातले चार दिवस मुली आपापल्याच खेळत. शाळेत असताना मालनबाई जिल्ह्याच्या संघातून खेळल्या होत्या. लग्नानंतर त्या विषयावर घरात कुणी कधी बोललं नव्हतं, त्यांच्या मुलाला, सन्मतीलाही ते नीट ठाऊक नव्हतं. फिरता फिरता एक दिवस त्या मैदानाच्या भिंतीशी थांबल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग तिथूनच ओरडल्या, "अगं ए लाल रिबीनवाले, खो द्यायच्या आधीच उठतेस की तू!"

लाल रिबीनवाली म्हणजे शिवन्या, संघाची कप्तान, बारा वर्षांची. ती तरातरा भिंतीपाशी आली. "तुम्हाला येतं का खेळायला?"

"यायचं. आता सांगता येतं."

दुसऱ्या दिवसापासून मालनबाई साडेतीनला घरातून निघू लागल्या. गळ्यात शिट्टी आली. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. जेवताना त्या एकेका मुलीचं नाव घेऊन सांगत, कोण खांबाला वळसा घालताना पाय घसरवते, कोण पाठलागात उजवीकडंच बघते. चेहरा उन्हानं रापला होता. सन्मती एकदा म्हणाला, "आई, तू एवढं बोलतेस हे मला माहीतच नव्हतं."

ऋजुताला आनंद झाला होता. तो खोटा नव्हता. पण सव्वाचारला शाळेची व्हॅन जुईला, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला, फाटकाशी सोडत असे. दोन वर्षं त्या वेळी मालनबाई खिडकीत असत. जुई आत येई, आजी खुर्चीतूनच तिला दूध-बिस्किटं कुठं ठेवलीत ते सांगे, दप्तर उघडायला लावी. ऋजुता साडेसहाला घरी येई तोवर अभ्याससुद्धा झालेला असे. आता ऋजुताला पावणेचारला कंपनीतून उठावं लागू लागलं.

"पुढच्या यंत्राचं नेतृत्व तुमच्याकडं द्यावं असा माझा विचार होता," हसबनीस सर एकदा म्हणाले. "पण रोज चारच्या बैठकीला तुमची खुर्ची रिकामी असते."

तिनं सन्मतीला सांगून पाहिलं. तो जतकडच्या पवनचक्क्यांवर कामाला होता, यायला सात वाजत. "तूच सांग की आईला," तो म्हणाला. "एखाद दिवस थांबेल."

एखाद दिवस पुरणार नव्हता. आणि रोज थांबा म्हणून सांगायचं कसं? शिट्टी गळ्यात अडकवून आरशासमोर उभ्या असलेल्या मालनबाईंना बघून दोनदा शब्द तिच्या ओठांवर येऊन परत गेले. आपणच गल्लीसमोर म्हटलं होतं, आता कुठंही जा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी, यंत्रात नवी आज्ञावली भरायला तिनं पट्टा टॅब्लेटला जोडला. पडद्यावर सतराव्या रुग्णाची रकाने भरलेली पाटी उघडली. कमाल पावलं : ९८. खाली एक चौकट होती, बदल का केला ते लिहायची. ऋजुतानं अठ्ठ्याण्णव खोडून नव्वद केलं आणि चौकटीत लिहिलं, 'सुरक्षितता'. रस्ते खराब आहेत, रिक्षा आवाज न करता अंगावर येतात, बाहत्तर वर्षांचं माणूस आहे. हे सगळं खरं होतं. म्हणूनच ते लिहिताना हात अडखळला नाही.

आठ पावलांनी फारसं काही झालं नाही. मालनबाईंना वाटेत थोडा जास्त वेळ लागू लागला, एवढंच. दहा दिवसांनी तिनं ब्याऐंशी केले. मग चौऱ्याहत्तर. प्रत्येक वेळी चौकटीत तोच शब्द. त्या महिन्यात मालनबाईंना मैदानावर पोचायला चार वाजून जाऊ लागले आणि परतीच्या वाटेवर तीनदा बसावं लागे. त्या मांड्या चोळत, पट्टे सैल-घट्ट करून बघत. एकदा ऋजुतालाच म्हणाल्या, "यंत्र एकदा तपासतेस का गं? मला जरा ओढल्यासारखं होतंय मागं."

ऋजुतानं पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "मोटारी ठीक आहेत, आत्या."

हे वाक्यही खरं होतं. मोटारी ठीकच होत्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिनं आकडा सहासष्टवर आणला. त्यानंतर चौथ्या दिवशी साडेतीन वाजले तरी मालनबाई खुर्चीतून उठल्या नाहीत; आज घरीच आहे, असं त्यांनी सुनेला फोनवर कळवलं. त्या दिवशी ऋजुता सहा वाजेपर्यंत कंपनीत बसली, चारच्या बैठकीत बोलली, घरी आली तर जुईचा अभ्यास झालेला होता. सगळं पूर्वीसारखं. तिला वाटलं होतं, हायसं वाटेल. पण मालनबाईंनी तिच्यासाठी चहा झाकून ठेवला होता आणि तो तिच्यानं पिववला नाही.

पुढच्या रविवारी मुली घरी आल्या. चौदाच्या चौदा. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. त्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं सतरंजीवर बसल्या आणि शिवन्या म्हणाली, "आजी, तुम्ही रिक्षानं या. आम्ही पाळी लावून न्यायला येऊ."

"मैदानावर येऊन खुर्चीत बसू काय? मला पळत्या पोरीबरोबर चार पावलं टाकावी लागतात, तेव्हा कुठं तिची चूक दिसते." मालनबाई हसायला बघत होत्या. "वय झालं गं माझं. मध्ये जरा विसरले होते, एवढंच."

एक लहानगी रडायला लागली. तिचं बघून दुसरी. ऋजुता स्वयंपाकघरात चौदा जणींसाठी पोहे परतत होती. तिनं गॅस मोठा केला, म्हणजे आवाज कमी ऐकू येईल. मुली स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरल्या, हे तिला नंतर कळलं.

सप्टेंबरमध्ये तिला यंत्राच्या नोंदींत एक विचित्र गोष्ट दिसली. सतरावा रुग्ण रोज दुपारी दोन ते तीन जिना चढत-उतरत होता. दीडशे पायऱ्या, दोनशे पायऱ्या, शेवटी तीनशे. ऋजुता दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी आली. मालनबाई गच्चीच्या जिन्यात होत्या. एका हातानं कठडा धरलेला, तोंड लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. सुनेला बघून त्या चोरी पकडल्यासारख्या ओशाळल्या.

"आत्या, हे काय चालवलंय?"

त्या पायरीवरच बसल्या. दम खाऊन म्हणाल्या, "तुझे आकडे बिघडताहेत ना माझ्यामुळं? त्या दिवशी तपासणीला आलेल्या मुजावर डॉक्टरीणबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, सतरा नंबर घसरतोय म्हणून. एवढी चार वर्षं खपलीस तू. घरचं माणूस घेतलंस म्हणून बोलणी खाल्लीस. आणि घरचंच माणूस तुझ्या यंत्राला बट्टा लावतंय." त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं. "पाय जरा ताकदीचे झाले तर परत वर जातील आकडे. तू नको सांगूस कुणाला."

ऋजुता जिन्याखाली उभी होती. तिथंच सांगून टाकायला हवं होतं. तिनं सासूच्या हाताला धरून त्यांना खाली आणलं, पाणी दिलं, आणि मालनबाई आंघोळीला गेल्यावर टॅब्लेट जोडून सहासष्टचे परत अठ्ठ्याण्णव केले. होतं तसं करून टाकू, म्हणजे काही झालंच नव्हतं, असं तिच्या मनात होतं.

काही झालंच नव्हतं असं करता येत नाही, हे तिला इंजिनिअर म्हणून तरी कळायला हवं होतं. कण्यातलं जाळं वरचा ठेका शिकतं तसाच खालचाही शिकतं. सात आठवड्यांत मालनबाईंच्या कण्यानं सहासष्टचा ठेका आपलासा केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत निघाल्या. मोटारींनी पुढचं पाऊल उचललं तेव्हा पाय अजून मागच्याच पावलात होता. त्या दाराच्या चौकटीवर आदळून डाव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर चढत असताना त्या सन्मतीला सांगत होत्या, "यंत्राचं काही नाही रे. माझंच लक्ष नव्हतं." ऋजुतानं बाहेरच्या बाकावर बसून आकडा पुन्हा सहासष्ट केला. या वेळी चौकटीत काय लिहावं ते तिला सुचेना. शेवटी तोच शब्द लिहिला.

ऑक्टोबरच्या आढावा बैठकीत डॉ. शबाना मुजावरांनी सतराव्या रुग्णाचा आलेख पडद्यावर दाखवला. चाचणीतल्या सगळ्या रुग्णांची तपासणी त्यांच्याकडं होती. रेघ जूनपर्यंत चढत होती, मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेली होती.

"हे मला भीतीदायक वाटतं," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी मोटारींच्या आधारानं स्नायू आळसावत असतील, तर बाकीच्या बेचाळीस जणांचंही पुढं हेच होणार. खबरदारी म्हणून आपण सगळ्यांचा कमाल आकडा सोमवारपासून सत्तरवर आणावा."

"यंत्रात काही बदल केला होता का?" हसबनीस सरांनी विचारलं.

"पाचसहा किरकोळ नोंदी आहेत, सुरक्षितता म्हणून. त्या घसरण बघूनच केलेल्या असणार, असं मी धरलं. आणि आजींशी मी स्वतः बोलले. त्या म्हणाल्या, मीच पट्टे सैल बांधायची, व्यायाम चुकवायची, सुनेला माहीत नाही." मुजावर बाई ऋजुताकडं बघून थोडं हसल्या. "मला ते खरं वाटलं नाही. तुमच्या यंत्राला वाचवायला बघत होत्या बिचाऱ्या."

बेचाळीस जणांत मिरजेचे एक निवृत्त पोस्टमन होते, ते आता नातवाला शाळेत पोचवत. तासगावच्या एक बाई होत्या, त्यांनी पुन्हा शिवणवर्ग सुरू केला होता. ऋजुता त्या सगळ्यांना त्यांच्या आकड्यांनी ओळखत होती.

"सोमवारी काही बदलू नका," ती म्हणाली. "त्या आलेखात चूक आहे. मी उद्या सकाळी सांगते. मला आधी घरी एकाशी बोलायचंय."

खोलीतले सगळे तिच्याकडं बघू लागले. तिनं कुणाकडंच बघितलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा मालनबाई जेवायला बसल्या होत्या. ऊन अजून अंगणात होतं. जुई शेजारी खेळायला गेली होती आणि सन्मती त्या दिवशी सुट्टीवर असल्यानं आत काहीतरी दुरुस्त करत बसला होता. मालनबाई उजव्या हातानं भाकरी मोडत होत्या, प्लास्टरमधल्या डाव्या हातानं ताट धरता येत नव्हतं. ऋजुता समोर जमिनीवर बसली.

"आत्या, तुमच्या पायांना काही झालेलं नाही. वेग मी कमी केला होता. टॅब्लेटवरून."

मालनबाईंचा घास हातातच राहिला. "यंत्रात बिघाड झाला होता म्हणतेस?"

"बिघाड नव्हता. मी मुद्दाम केला. तुम्ही मैदानावर जाऊ नये म्हणून. जुई यायच्या वेळी घरी कुणीतरी असावं म्हणून."

मालनबाईंनी घास ताटात ठेवला.

"किती वेळा?"

"चार वेळा."

"आणि मी पडले तेव्हा?"

"तेव्हा परत वाढवला होता. न सांगता. पण तोवर तुमच्या पायांना हळू चालायची सवय लागली होती."

"पोरी आल्या होत्या तेव्हा?"

"त्याच्या आधीच चौथ्यांदा..."

"म्हणजे पोरी इथं माझ्यासमोर रडत होत्या आणि तू आत पोहे करत होतीस."

आतल्या खोलीतला पान्ह्याचा आवाज थांबला होता.

"मला सांगायचं होतंस," मालनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो उलट खाली गेला होता. "आत्या, चार वाजता घरी थांबा, मला कामावर त्रास होतोय."

"तुम्ही थांबला असता?"

"नसते थांबले. भांडले असते तुझ्याशी. दोन दिवस बोललो नसतो आपण, तिसऱ्या दिवशी काहीतरी तोड निघाली असती. तू मला भांडायलासुद्धा ठेवलं नाहीस." त्यांनी ताट बाजूला सारलं. "पायांचं एक वेळ सोड. तीन महिने मी रोज देवासमोर बसून म्हणत होते, पोरीचं यंत्र चांगलं आहे, माझंच शरीर फितूर झालंय. जिना चढताना मांडीला चिमटे काढायची मी. माझ्याच मांडीला."

"आत्या, मी..."

ऋजुता पट्टे सोडायला पुढं सरकली. रोज संध्याकाळी तीच ते सोडत असे. मालनबाईंनी पाय मागं घेतले.

"सन्मतीला हाक मार. तो सोडेल."

दुसऱ्या दिवशी ऋजुतानं हसबनीस सरांच्या आणि मुजावर बाईंच्या समोर एकेक नोंद उघडून दाखवली, तारखेसकट. आवाज मध्येच फुटला, तेव्हा तिला कुणी पाणी दिलं नाही. बेचाळीस जणांचे आकडे आहेत तसे राहिले. तिला त्याच दिवशी कामावरून दूर केलं. महिन्याभरात सगळ्या यंत्रांच्या कंबरपट्ट्यावर एक बटण आलं, आणि कमाल आकडा ज्याच्या पायात यंत्र त्याच्याच हातात राहू लागला. कण्यातला ठेका खालीही उतरतो हे मात्र या प्रकारातून पहिल्यांदाच कळलं, त्यामुळं मालनबाईंची केस पुढं मुजावर बाई ठिकठिकाणी सांगू लागल्या. त्या दिवशी ऋजुता कंपनीतून निघाली तेव्हा त्या तिला एवढंच म्हणाल्या, "तुमच्यासाठी त्या माझ्याशी खोटं बोलल्या. हे मला विसरता येणार नाही. तुम्हीही विसरू नका."

घरात आरडाओरडा झाला नाही. सन्मती दोन दिवस बहिणीकडं जाऊन आला आणि आल्यावर कामापुरतं बोलू लागला. त्यानं एक गोष्ट मात्र केली. व्हॅनच्या ड्रायव्हरला फोन करून विचारलं, जुईला घराऐवजी शाळेच्या मैदानावर सोडता येईल का. व्हॅन रोज त्या मैदानावरूनच येत असे. ड्रायव्हर म्हणाला, "उलट माझा एक वळसा वाचेल, साहेब." एक मिनिटही लागलं नाही. सन्मतीनं फोन खाली ठेवला आणि ऋजुताकडं बघितलं. त्या नजरेपेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

मनगटाचं प्लास्टर निघालं त्या दिवशी मालनबाई तिच्याशी पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "उद्यापासून साडेतीनला माझ्याबरोबर यायचं. मैदानापर्यंत. मी चालेन त्या चालीनं."

बावीस मिनिटांचा रस्ता होता, त्याला चाळीस मिनिटं लागली. इतकं हळू चालणं ऋजुताला जमेना. दर दहा पावलांनी ती पुढं जाई आणि थांबे. शाळकरी मुलं पुढं गेली, भाजीची गाडी ढकलणारी बाई पुढं गेली. ओळखीचे लोक थांबून विचारत, "काय मालनताई, बऱ्याच दिवसांनी?" मालनबाई मान हलवत. रस्ता ओलांडताना गाड्या खोळंबून राहत. चौकात एका स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा मालनबाईंच्या पायांतली गुणगुण वाढली, पण पाय त्याच ठेक्यात राहिले. घाई करावीशी वाटणं आणि करता न येणं काय असतं, ते ऋजुतानं इतक्या जवळून पहिल्यांदा बघितलं. तिनं ते आकड्यांत बघितलं होतं, तीन महिने.

मैदानावर मुली धावत आल्या. घोळका झाला. शिवन्यानं मालनबाईंचा हात धरून विचारलं, "आजी, आता बरं आहे? खेळाच्या बाई म्हणाल्या, वयामुळं असंच होतं, पाय हळूहळू जातात."

मालनबाईंनी ऋजुताकडं बघितलं. रागानं नव्हे, मदतीच्या अपेक्षेनंही नव्हे. नुसतं बघितलं.

"वयामुळं नाही," ऋजुता म्हणाली. "आजींच्या पायांचा वेग मी कमी केला होता."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

चौदा तोंडं तिच्याकडं वळली. "का?" शिवन्या म्हणाली.

कंपनीत या प्रश्नाचं उत्तर द्यायला कामाचा ताण होता, बैठकीची वेळ होती, नवं पद होतं. इथं त्यातलं काहीच बोलता येण्यासारखं नव्हतं.

"आजी इथं यायच्या आणि मला त्या घरी हव्या होत्या. तसं त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही."

मुलींपैकी एकदोघी जमिनीकडं बघू लागल्या, मोठ्या माणसाच्या जागी आपल्यालाच लाज वाटावी तशा. मग शिवन्यानं मालनबाईंना विचारलं, "मग ह्या कशाला आल्यात?"

"माझ्याबरोबर आलीय. जाताना परत माझ्याबरोबर येईल." मालनबाईंनी शिट्टी ओठांशी नेली. "चला, बसा ओळीत."

ऋजुता भिंतीशी उभी राहिली. सव्वाचारला व्हॅन थांबली, जुई उतरली आणि आईला ओलांडून थेट आजीकडं पळाली. सहापर्यंत कुणी ऋजुताला बस म्हटलं नाही, तीही बसली नाही.

परतताना मालनबाईंनी कंबरेवरचं बटण दोनदा दाबलं. "अडुसष्ट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. विजेच्या पहिल्या खांबापर्यंत जमलं. मग उजवा पाय अडकला आणि त्या पुढं कलल्या. ऋजुताचा हात आपोआप पुढं झाला. मालनबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी भिंत धरली, श्वास घेतला, आकडा दोननं खाली आणला आणि पुन्हा चालू लागल्या. ऋजुता सवयीनं पुन्हा दोन पावलं पुढं गेली. ती मागं आली आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच चालीनं चालू लागली.